दोन सेकंदांत उघडणारं पान

"हात द्या ताई, लाजू नका. हितं समदीच घसरत्यात," असं म्हणत बेबीताईंनी मला जवळजवळ ओढूनच टेकडीच्या माथ्यावर घेतलं.

मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिले. मागून त्यांचे यजमान विलासभाऊ माझी लॅपटॉपची पिशवी काखोटीला मारून शीळ घालत आले.

"पुण्याची मानसं लिफ्टमदनं चढत्यात. त्येंचा काय दोष?" ते म्हणाले.

"तुमी गप बसा. पाव्हण्या हायत्या त्या."

"म्हनून तर पिशवी उचलली. तुजी कदी उचलली व्हय?"

"माजी उचलली असती तर आज पाऊस पडला असता," बेबीताई म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसत हसल्या.

आज या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी अजून प्रोग्रामिंगच करते, बऱ्यापैकी नाव आहे, नव्या मुलांना शिकवतेही. ती सकाळ मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. विलासभाऊंची ती शीळ आठवली की मला हातातलं काम ठेवून द्यावं लागतं.

वाळणखोऱ्यात फोनला रेंज नव्हती. शेलारवाडी खोऱ्याच्या तळाशी, आणि रेंज मिळायची ती या टेकडीवर, तीही कातळाजवळच्या दहा पावलांत. बेबीताई वाडीच्या आशाताई होत्या. रोज सकाळी सातच्या सुमारास त्या इथं यायच्या, फोनवर आमचं पान उघडायच्या आणि खाली जायच्या. आमचं म्हणजे डॉक्टर ढवळ्यांच्या संस्थेचं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ढवळे सरांनी एकच ध्यास घेतला होता. साप चावलेला माणूस या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरवता फिरवता मरू नये. तालुक्यातल्या कोणत्या आरोग्य केंद्रात आज सापाची लस आहे आणि कुठं संपली आहे, एवढं त्या पानावर दिसायचं. केंद्रातले औषधवाले रोज संध्याकाळी साठा भरायचे आणि सकाळी चौतीस आशाताई तो बघायच्या. बस्स. ते पान मी बनवलं होतं, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

एकच अडचण होती. पान जड होतं. यादी, नकाशा, औषधवाल्यांचं लॉगिन, सरांच्या वार्षिक अहवालासाठीचे रंगीत आलेख, सगळं मी एकाच भल्यामोठ्या जावास्क्रिप्टच्या फाइलीत कोंबलं होतं. कुणाला फक्त यादी बघायची असली तरी अख्खं गाठोडं उतरवून घ्यावं लागायचं. टेकडीवरच्या मरतुकड्या रेंजमध्ये त्याला पाऊण मिनिट लागायचं.

"पंचेचाळीस सेकंद!" ढवळे सर टेबलावर बोट आपटत म्हणाले होते. "साप चावल्यावर पंचेचाळीस सेकंद माणसानं नुसतं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायचं? काहीतरी कर बाई."

मी केलं. तीन आठवडे बसून त्या गाठोड्याचे तुकडे केले. पान उघडायला जेवढं हवं तेवढंच आधी येईल. यादीचं बटण दाबलं की यादीचा तुकडा येईल, नकाशाचं दाबलं की नकाशाचा. माझ्या धंद्यात सगळे हेच शिकवतात, आणि योग्यच शिकवतात. तेच दाखवायला मी त्या दिवशी शेलारवाडीला गेले होते.

"आधी जुनं उघडा," मी म्हटलं. "म्हणजे फरक कळेल."

बेबीताईंनी जुनं पान उघडलं, फोन कातळावर ठेवला आणि खाली बसून सावकाश पायातला काटा काढू लागल्या. काटा निघाला, चप्पल घालून झाली, तरी पडदा पांढराच. विलासभाऊंनी मोठ्यानं जांभई दिली.

"आता नवं."

त्यांनी बोट टेकवलं आणि पान आलं. दोन सेकंद, फार तर. बेबीताईंनी फोन नाकाजवळ नेला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आलं?"

"आलं."

"आगं बया!"

मग मी त्यांना यादीचं बटण दाबायला लावलं. तीही तीन सेकंदांत समोर. माळेघर चौदा, तळवण नऊ, बाकीची केंद्रं खाली ओळीनं. विलासभाऊ वाकून बघत होते. "आमच्या म्हशीला बी शिकवा ताई असलं," ते म्हणाले. "दूध द्यायला पाऊन घंटा लावतीया."

"म्हंजे आता हितं ताटकळत बसाया नको?" बेबीताईंनी विचारलं.

"अजिबात नको. आलात, उघडलंत, चालू लागलात."

"दोन शेकंदात काम झालं?"

"झालं."

त्यांनी फोन कमरेच्या पिशवीत ठेवला. पान तसंच उघडं ठेवून, बंद न करता. मी ते पाहिलं. पाहिलं आणि त्याबद्दल काहीही विचारलं नाही. नंतर आम्ही खाली त्यांच्या घरी गेलो, नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्लं. विलासभाऊंच्या आईनं, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो, मला आग्रह करकरून तिसरी भाकरी वाढली. दोन तास मी त्या घरात बसले होते. तिथं रेंज नव्हती. माझा फोन माझ्या मांडीजवळ होता. एकदा, नुसतं एकदा ते पान काढून बटण दाबून बघावं, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

हा ऑगस्ट होता.

ऑक्टोबरात, भातकापणीच्या दिवसांत, एका दुपारी ढवळे सर ऑफिसात आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. चपला बाहेर काढायचा नियम त्यांचाच होता. मी त्यांच्या पायांकडे बघितलं.

"बेबीच्या नवऱ्याला नाग चावला," ते म्हणाले. "सकाळी अकराला, भाताच्या खाचरात. गेला तो."

"विलासभाऊ?"

"त्यांनी वडापची जीप मिळवली वेळेत. अर्ध्या तासात फाट्यावर होते. डावीकडे तळवण पंचवीस मिनिटं, उजवीकडे घाटातून माळेघर पाऊण तास. तळवणला नेला. तळवणची लस परवाच संपलेली."

"पण तळवणच्या माणसानं साठा भरला नव्हता का?"

"भरला होता. शून्य म्हणून भरला होता. मी आत्ता बघून आलो. मग तिथून उलटे फिरले माळेघरला. घाट चढताना पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. माळेघरला चौदा कुप्या होत्या. पोचले तेव्हा..." त्यांनी हात हलवला. "सरळ माळेघरला गेले असते तर वाचला असता. मी तीस वर्षं हेच बघितलंय. वाचला असता."

"बेबीताईंनी यादी बघितली नाही?"

"बघत होती म्हणे. फाट्यावर जीप थांबवून बघत होती. गोल फिरत राहिलं म्हणाली. पान उघडं होतं, बटण दाबलं, तर नुसतं गोल फिरत राहिलं."

सर उठून आत गेले. मी माझा फोन काढला, पान उघडलं. दोन सेकंद. मग फोनचं इंटरनेट बंद केलं आणि यादीचं बटण दाबलं.

गोल फिरायला लागलं.

मला त्या एका क्षणात सगळं समजलं. बेबीताई टेकडीवर नुसत्या बघायला जात नव्हत्या. त्या पान भरून आणायला जात होत्या. जुनं जड पान पाऊण मिनिट घ्यायचं, पण एकदा उतरलं की त्यात सगळं असायचं, त्या सकाळची यादी धरून. मग ते पिशवीत घालून दिवसभर रेंज नसलेल्या खोऱ्यात कुठंही काढा, बटण दाबा, यादी हजर. खोऱ्यातल्या सगळ्या आशाताई असंच करायच्या. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच बसवलं होतं. आणि मी ते गाठोडं सोडून यादी सर्व्हरवर ठेवून दिली होती. टेकडीवरून त्या रोज रिकामं पान घेऊन उतरत होत्या, आणि दोन महिन्यांत कुणाला खोऱ्याच्या तळाशी यादी लागली नव्हती, एवढंच.

एक गोष्ट मी मघाशी सांगायची टाळली, ती आता सांगते. तुकडे करताना मी दोन ओळी लिहिल्या होत्या. पान उघडलं की उरलेले तुकडे आणि यादी गुपचूप मागून उतरवून घेणाऱ्या. कुणी बटण दाबो न दाबो. त्या ओळी असत्या तर बेबीताईंना टेकडीवर अर्धं मिनिट नुसतं थांबावं लागलं असतं. पण पानाचा वेग मोजायचं एक साधन असतं, ते शंभरपैकी गुण देतं. त्या दोन ओळींमुळे माझे गुण एक्याण्णव येत होते. मी त्या काढल्या. अठ्ठ्याण्णव आले. मी त्या आकड्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला होता.

त्या दुपारी मी त्या दोन ओळी परत घातल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत.

"काही बिघाड होता का गं?" सरांनी आतून विचारलं.

"फाट्यावर रेंज नाही, सर," मी म्हटलं.

हे खरंच होतं. फाट्यावर रेंज नव्हती. सर "हं" म्हणाले आणि मी पिशवी उचलून घरी गेले. मातीला गेले नाही, दहाव्याला गेले नाही. अंगात कणकण आहे असं कळवलं. कणकण खरोखर आली असती तर बरं वाटलं असतं.

फेब्रुवारीत सरांनी मला बोलावलं. "बेबीनं काम सोडलंय. फोनला हात लावायला तयार नाही. बारा वर्षं तिनं त्या खोऱ्यातली एकेक बाळंतीण सांभाळली. मी जाऊन आलो, माझं ऐकत नाही. तू जा. तुझ्यावर तिचा जीव आहे."

"सर, मी नको."

"का?"

मला सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. "बरं, जाते," मी म्हटलं.

सकाळच्या एसटीनं गेले. बेबीताई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी आणून दिलं, घोंगडं टाकलं. गालफडं बसली होती. पण बोलणं तेच, आवाज तोच. आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेला संस्थेचा फोन आणून माझ्यापुढं ठेवला.

"ह्यो न्या. धुऊन पुसून ठिवलाय."

"बेबीताई, सर म्हणतायत..."

"सर द्येवमानूस हायती. पर आता माज्या हातनं न्हाई व्हनार. ज्या हातानं घरचं मानूस घालवलं, त्या हातानं दुसऱ्याचं काय सांभाळू?"

"असं का म्हणता?"

त्यांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले. मग माझ्याकडे न बघता बोलू लागल्या.

"त्या दिशी सकाळी म्या टेकडीवर गेल्ते. पान उघडलं. झटक्यात आलं, तुमी दावलं तसं. तेवढ्यात ह्येंनी खालनं हाळी दिली, कापनीची मानसं आल्याती म्हनून. म्या तशीच उतरले. त्या गडबडीत माजं कायतरी ऱ्हायलं ताई. उलटसुलट दाबलं का काय केलं, द्येव जाने. फाट्यावर बटान दाबलं तर यादी न्हाई. जीपवाला म्हनतोय कुनीकडं, कुनीकडं. ह्ये म्हनले, 'तू शिकलेली हाईस, तू सांग.' म्या सांगितलं तळवन."

दाणे सुपात पडत राहिले.

"तीस शेकंद. तीस शेकंद नीट ध्यान दिलं असतं म्या टेकडीवर. आक्कांनी माती झाल्यावर समद्यांम्होरं इचारलं, 'वाडीभर फोन मिरवलास, तो कशाला गं?' आन् मग बोलल्याच न्हाईत माज्याशी. त्यांचं बी बराबर हाय. त्यांचा ल्योक."

मी ठरवून गेले नव्हते. खरं सांगायचं तर, न सांगायचंच ठरवून गेले होते. पण ती बाई माझ्यासमोर बसून माझी चूक स्वतःच्या कपाळाला लावत होती, आणि तेही मला पाणी देऊन झाल्यावर.

"तुमचं काही राहिलं नव्हतं," मी म्हटलं. "तुम्ही सगळं बरोबर केलंत. यादी पानात नव्हतीच. मी काढली होती."

त्यांचा हात थांबला.

मी सांगितलं. गाठोडं कसं होतं, तुकडे कसे केले, पान लवकर का यायचं आणि त्यात काय यायचं नाही. त्या दोन ओळींचंही सांगितलं आणि अठ्ठ्याण्णव गुणांचंही. कितीतरी वेळ बोलत होते. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश."

मी परत सांगितलं.

"म्हंजे म्या तितं घटकाभर बसून ऱ्हायले असते, तरी बी आलं नसतं?"

"दिवसभर बसला असतात तरी आलं नसतं. टेकडीवरच यादीचं बटण दाबलं तरच आली असती, आणि ते तुम्हाला सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही. मला तुम्ही पान कसं वापरता हेच माहीत नव्हतं."

"मंग माजी चूक न्हवती."

"नव्हती. कणभरही नव्हती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चेहरा मोकळा व्हायला लागला होता, आणि मला वाटलं, आता रडतील, मग बरं होईल. तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"तुमाला कदी कळलं ह्ये?"

मी सुपातले दाणे सारखे करू लागले.

"ताई, कदी कळलं?"

"त्याच दिवशी. दुपारी."

"त्याच दिशी," त्या म्हणाल्या. मग बोटं मोजली, माझ्यासमोर, अंगठ्यानं एकेक पेर दाबत. "कार्तिक. मार्गशीर्ष. पौष. माघ."

माफी मागायची म्हटलं तरी कोणत्या गोष्टीची आधी मागायची ते कळेना. पानाची चूक माझ्या हातून नकळत झाली होती. हे चार महिने मात्र मी पुरती शुद्धीवर होते.

"ह्येंचा फोटू लावलाय आत," बेबीताई म्हणाल्या. "आक्का रोज दिवा लावत्यात. म्या न्हाई लावला. एकदा बी न्हाई. म्हनलं आपुनच मारायचं आन् आपुनच वात लावायची, कुन्या तोंडानं? चार म्हयने ह्येंच्याकडं मान वर करून बघितलं न्हाई म्या."

त्या उठल्या. रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, पाय धुतले, तोंड धुतलं, पदर सारखा केला. आत गेल्या. काडी ओढल्याचा आवाज आला. पहिली विझली असावी, कारण दुसरी ओढली. आणि मग त्या रडल्या. नवरा गेला त्या दिवशी बाई जशी रडते, तशा त्या आज रडल्या. त्या दिवशी त्यांना मी रडूही दिलं नव्हतं.

आक्का मागच्या दारानं सरपणाचा भारा घेऊन आल्या. अंगणात मला बघून थबकल्या. आतला आवाज ऐकून भारा तिथंच टाकला.

"काय झालं? का रडतीया ती?"

बेबीताई दारात आल्या. डोळे सुजलेले, कपाळ उघडं. मला म्हणाल्या, "ह्यांस्नी सांगा. मला सांगितलं तसंच. येक शबूद गाळू नका."

"बेबीताई, तुम्हीच..."

"म्या सांगितलं तर सून आपलं झाकतीया म्हनतील. तुमी सांगा."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांना जावास्क्रिप्ट समजणार नव्हतं, म्हणून मी म्हटलं, आक्का, तुमच्या सुनेला मी शिदोरी बांधून दिली आणि त्यातली भाकरीच काढून घेतली. तिनं फडकं सोडलं तेव्हा ते रिकामं होतं. तिला ते माहीत नव्हतं, मला माहीत असायला हवं होतं. आणि तुमचा मुलगा गेला त्याच दिवशी मला हे समजलं होतं, तरी मी गप्प राहिले.

म्हातारी ऐकत होती. माझं बोलणं संपलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर मी गाल पुढं केला असता.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खुरडत दारापाशी गेल्या, सुनेच्या समोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं.

"बेबे," त्या म्हणाल्या, "चार म्हयने तुज्याशी बोलले न्हाई गं म्या."

दोघी उंबऱ्यातच खाली बसल्या, एकमेकींना धरून. मी घोंगडं झटकून घडी घातली, फडक्यातला फोन उचलला आणि चालू लागले. मागून कुणी हाक मारली नाही.